क्ष-किरणांच्या आरशाची पाहणी

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर जगात दोनच प्रकारची माणसे विश्वास ठेवतात : भाविक आणि शास्त्रज्ञ. बाकीच्यांसाठी पाहणी समिती असते.

आमच्या संशोधन संस्थेच्या पाहणी समितीचा मी सदस्य-सचिव आहे. संस्थेत आलेली किंवा संस्थेतच तयार झालेली कोणतीही वस्तू आम्ही पाहिल्याशिवाय वापरात आणता येत नाही, असा नियम आहे. खुर्च्या, कपाटे, पंखे, फरशी पुसायची फडकी (ओली वेगळी, कोरडी वेगळी) हे सगळे आमच्या नजरेखालून जाते. आजवर पाहिलेल्या वस्तूंपैकी अठ्ठ्याण्णव टक्के आम्ही योग्य ठरवल्या. उरलेल्या दोन टक्के पाहणीची तारीख ठरेपर्यंत हरवल्या होत्या, त्यामुळे त्यांच्याबद्दलही आमची काही तक्रार नाही.

समितीत माझ्याखेरीज दोघे. एक अध्यक्ष, म्हणजे संस्थेचे उपसंचालक. वर्ण गोरा, केस काळे (दर पंधरवड्याला). दुसरे बांधकामवाले साहेब. संस्थेच्या सगळ्या भिंती त्यांनीच बांधल्या आणि त्यांपैकी ज्या अजून उभ्या आहेत त्या ते पाहुण्यांना स्वतः फिरून दाखवतात.

माझ्या वहिनीही याच संस्थेत. घरी त्या वहिनी, कार्यालयात मॅडम. संबोधन मी फाटकापाशी बदलतो. आम्ही एकाच घरात राहतो, दादा-वहिनी खाली आणि मी वर, पण जेवायला खालीच. दादाचे चौकात चष्म्याचे दुकान आहे. स्वयंपाक तोच करतो, कारण वहिनींना लेपनकक्षातून यायला कधी किती वाजतील याचा नेम नसतो.

लेपन म्हणजे मुलामा चढवणे. तिथे एक पोलादी पिंप आहे. त्यातली हवा काढून टाकायची, आत ठेवलेल्या गुळगुळीत चकतीवर धातूचा एक थर बसवायचा, त्यावर सिलिकॉनचा, परत धातूचा, परत सिलिकॉनचा, असे ऐंशी थर. थर इतका पातळ, की माणसाच्या केसाचे वीस हजार पापुद्रे काढता आले तर त्यांतला एक. एवढे सगळे जमले की बशीएवढा एक आरसा तयार होतो आणि त्यावरून क्ष-किरण परत फिरतात. साध्या आरशावर ते समोरून पडले तर आत शिरतात आणि तिथेच संपतात.

"एकटा थर फार थोडे किरण परत पाठवतो, भाऊजी," वहिनींनी मला एकदा जेवताना सांगितले होते. "जवळजवळ नाहीच. पण सगळ्या थरांनी आपापला वाटा एकाच तालात परत पाठवला, की मिळून भरपूर होतात. एका थराची जाडी चुकली की ताल बिघडला."

मला हे चटकन समजले. आमच्या कार्यालयातून अर्ज असेच परत जातात. कोणी एकटा माणूस नाही म्हणत नाही. प्रत्येक टेबल थोडे थोडे म्हणते.

या आरशापायी वहिनींची बरीच वर्षे गेली. सुरुवातीच्या आरशांत थर एकमेकांत मिसळत. मग थर वेगळे राहू लागले, तर सगळा मुलामाच चकतीवरून सुटू लागला. त्या काळात वहिनी भाजीत मीठ आहे की नाही हेही सांगू शकत नसत, आणि दादा मुद्दाम विचारत असे. शेवटी एका वर्षी आरसा जमला. एकाच वेळी पिंपात ठेवलेल्या दोन चकत्यांवर दोन जुळे आरसे झाले, एक कामाचा आणि एक जादा. कामाचा आरसा एका दुर्बिणीत बसायचा होता, दुर्बीण अग्निबाणात, आणि अग्निबाण हवेच्या वर जाऊन सूर्याचे क्ष-किरणांतले चित्र काढून खाली समुद्रात पडायचा होता. हवा हे किरण अडवते, म्हणून एवढी यातायात. मधे फक्त आमची पाहणी उरली होती.

पाहणीच्या दिवशी आम्हाला लेपनकक्षात जाण्यापूर्वी पांढरे झगे, टोप्या, पायांत पिशव्या आणि तोंडावर पट्टी असे सगळे चढवायला दिले. अध्यक्षांनी पट्टीला हरकत घेतली.

"आरसा बघायचा म्हणजे तोंड उघडं नको का?" ते म्हणाले.

"साहेब, यात तोंड बघायचं नाहीये," वहिनी म्हणाल्या.

"मग काय बघायचं?"

हा प्रश्न बिनतोड होता. वहिनींनी एक आलेख पुढे केला. आलेख सपाट जात जात मधेच डोंगरासारखा वर चढून पुन्हा खाली उतरत होता. अध्यक्षांनी तो उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला, आणि डोंगराच्या टोकावर बोट ठेवले.

"हे काय?"

"आरशावर पडलेल्या क्ष-किरणांपैकी पासष्ट टक्के परत येतात, साहेब. याहून फार जास्त कुणालाच जमलेलं नाही."

"पासष्ट," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा मुलगा त्या वर्षी परीक्षेला बसलेला होता. "आणि उरलेले पस्तीस कुठे गेले?"

"आरशातच शोषले जातात."

"म्हणजे आरसा खातो."

"तसं म्हणा हवं तर."

मी इतिवृत्तात लिहिले : 'आरसा पस्तीस टक्के किरण खातो ही बाब पाहणीत उघडकीस आली. संबंधितांनी ती मान्य केली.'

बांधकामवाले साहेबांनी थरांची चौकशी केली. ऐंशी हात मारले हे ऐकून त्यांना बसायला खुर्ची द्यावी लागली. भिंतीला दोन हात पुरतात आणि पावसाळी बाजूला तीन, हे त्यांनी समजावून सांगितले. ऐंशी हात लागतात याचा अर्थ मुळात रंगच पातळ झाला आहे, असे त्यांचे मत पडले. रंग पातळ आहे, हे वहिनींनी कबूल केले.

मग प्रत्यक्ष पाहणी झाली. तिघांनी पट्ट्या खाली ओढून एकेक करून आरशात पाहिले. आरशात चेहरा दिसत होता. मात्र तो मळकट दिसत होता, कारण डोळ्यांना दिसणारा उजेड हा आरसा जेमतेम निम्मा परत पाठवतो. माझे काही बिघडले नाही. मी मूळचाच तसा आहे. बांधकामवाले साहेब म्हणाले, ठीक आहे. अध्यक्षांनी मात्र पुन्हा वाकून पाहिले.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "मी एवढा काळा आहे का?"

"नाही, साहेब."

"मग हा आरसा खोटं दाखवतो."

"तो तुमच्यासाठी नाहीये, साहेब. जो उजेड आपल्याला दिसतो त्याच्याशी त्याचं काही देणं-घेणं नाही. तो चांगला आहे की वाईट हे डोळ्यांनी कळणारच नाही."

"डोळ्यांनी कळणार नाही," अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "आणि सही मी करायची."

मार्ग बांधकामवाले साहेबांनी काढला. अनुभवी माणूस. वरून चांदीचा एक घट्ट हात मारावा, म्हणजे खालचे ऐंशी झाकले जातील आणि तकाकीही येईल, असे त्यांनी सुचवले. वहिनी म्हणाल्या की मग किरण खालच्या थरांपर्यंत पोचणारच नाहीत, चांदीतच संपतील, आणि दुर्बिणीला काहीही दिसणार नाही. या म्हणण्याची समितीने नोंद घेतली. (नोंद घेणे म्हणजे न ऐकल्याची लेखी पावती.) मग ठराव झाला : आरसा उजळ करून पुन्हा सादर करावा.

त्यानंतर वहिनी जेवताना माझ्याशी बोलेनाशा झाल्या. वाढताना दादाही माझ्या ताटाकडे न बघता वाढू लागला. मी समजावले की ठराव समितीचा आहे, मी नुसता लिहिला. दादा म्हणाला, "पोळी घे."

रविवारी सकाळी वहिनी दादाच्या दुकानात बसल्या होत्या. मीही गेलो. दुकान रिकामे होते. दादा चौकटींवरची धूळ झटकत होता.

"चांदी मारायची म्हणजे ऐंशी थरांचं थडगं बांधायचं," वहिनी म्हणाल्या. "नाही मारली तर तो कपाटात पडून राहणार, आणि अग्निबाण दुसऱ्या कुणाचं काहीतरी घेऊन जाणार."

"तू त्यांना किरणांचं सांगत बसलीस, तिथंच चुकलं," दादा म्हणाला. "माझ्याकडे माणूस येतो तो आंधळा होत आला म्हणून येतो. पण चौकट चढवली की अक्षरांच्या पाटीकडे बघत नाही, आरशाकडे बघतो. काय दिसतंय ते नंतर. आधी मी कसा दिसतोय."

वहिनींनी समोरची एक चौकट उचलून परत ठेवली. मग म्हणाल्या, "जुळ्यातला जादा आरसा आहे. त्याच्यावर मारते चांदी. तो त्यांना दाखवू. खरा अग्निबाणात जाईल." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "भाऊजी, मी तुमच्याकडे आजवर कधी काही मागितलं नाही. यात तुम्ही काही करायचं नाही. फक्त गप्प बसायचं. जमेल?"

मला भरून आले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या खऱ्या कौशल्याची कदर केली होती. मी म्हणालो, "वहिनी, काळजीच सोडा."

दुसरी पाहणी अतिशय समाधानकारक झाली. चांदीचा आरसा असा लखलखत होता की कक्षातले दिवे निम्मे बंद करावे लागले. अध्यक्षांनी तो हातात घेतला. त्यांनी समोरून पाहिले, डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले, झग्याखालून कंगवा काढला आणि पाहणी अधिक सखोल केली. बांधकामवाले साहेबांना थांबावे लागले.

"याला म्हणतात काम," अध्यक्ष म्हणाले. "बघा, मॅडम, जमत होतं. उगाच अडून बसला होतात."

"हो, साहेब," वहिनी म्हणाल्या.

इथपर्यंत सगळे वहिनींच्या मनासारखे चालले होते. मग अध्यक्षांनी लाख मागवली. पाहणी झालेली वस्तू नंतर बदलली जाऊ नये म्हणून पेटीवर शिक्का मारायचा, हा नियम आहे. तो फडक्यांना आम्ही लावत नाही, म्हणून वहिनींना ठाऊक नव्हता.

"पेटी मी नंतर सावकाश भरते, साहेब," वहिनी घाईने म्हणाल्या. "नाजूक वस्तू आहे."

"तुम्ही कशाला त्रास घेता? सचिव तर तुमच्या घरचेच आहेत. ते इथेच भरतील, शिक्का मारतील आणि स्वतः उड्डाणस्थळी पोचवतील. काय हो, सचिव?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. अजूनही मला ती नजर आठवते. मी दोन शब्द बोललो असतो, पेटीला अस्तर नाही म्हणालो असतो, शिक्का सापडत नाही म्हणालो असतो, तरी चालले असते. पण मी दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस आहे. गप्प बसायचे कबूल केले होते, गप्प बसलो. लाख वितळली, शिक्का उठला, अध्यक्षांनी त्यावर आडवी सही केली, आणि चांदीचा आरसा घेऊन मी निघालो.

वहिनी दुसऱ्या गाडीने माझ्या मागोमाग उड्डाणस्थळी आल्या. खरा आरसा त्यांच्या पिशवीत होता, दादाच्या दुकानातल्या मऊ फडक्यात गुंडाळलेला. तिथल्या उड्डाणप्रमुखांना त्यांनी काहीएक न लपवता सगळे सांगितले : कोणता आरसा कोणता, चांदी का मारली, कोणाला दाखवायला मारली. मी बाजूला उभा होतो. (गप्पच.)

उड्डाणप्रमुख सज्जन गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही आरशांची माहिती नीट ऐकून घेतली. आलेखही त्यांना वाचता येत होता.

"मॅडम, तुमचं मला शंभर टक्के पटतं," ते म्हणाले. "पण शिक्का या पेटीवर आहे. उद्या काही चुकलं तर मला विचारतील, शिक्क्याचा का नाही बसवला. मला पटलं होतं, असं मी म्हणेन. पटण्यावर शिक्का नसतो."

"पण चुकणारच आहे," वहिनी म्हणाल्या. "मी आत्ताच सांगते आहे ना."

"हो. पण शिक्क्याचा बसवून चुकलं तर ते नियमानुसार चुकेल."

वहिनी वळल्या. तिथल्या बाकावर बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. मी चहा विचारला, त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळले नाही, म्हणून मी एकच आणला आणि मीच प्यालो.

अग्निबाण सुरेख उडाला. दुर्बिणीचे दार वेळेवर उघडले, तिने सूर्याकडे अचूक तोंड केले आणि चित्रे पाठवायला सुरुवात केली. सगळी चित्रे काळी होती. एकही ठिपका नाही. मग अग्निबाण ठरल्याप्रमाणे समुद्रात पडला.

या प्रकाराची कारणे शोधण्यासाठी समिती नेमण्यात आली. वस्तूंचा अनुभव असलेली समिती संस्थेत एकच असल्यामुळे ती आम्हीच होतो. काम अवघड नव्हते. अग्निबाण उडाला होता, म्हणजे अग्निबाणात दोष नाही. दुर्बीण उघडली होती, म्हणजे दुर्बिणीत दोष नाही. आरसा आम्ही स्वतः पाहिला होता. या सगळ्या व्यवहारात ज्याची आगाऊ पाहणी झालेली नव्हती असा घटक एकच उरत होता. अहवालात मी लिहिले : 'सदर दिवशी सूर्य अपेक्षित क्ष-किरण पुरवू शकला नाही.'

वर्तमानपत्रांनी ही बातमी ठळक छापली. 'सूर्य थंडावतोय?' असा मथळा होता. लोकांत थोडी घबराट झाली, काहींनी स्वेटर घेतले, पण एकंदरीत सगळ्यांनी समंजसपणा दाखवला. अध्यक्षांना दोन परिषदांची निमंत्रणे आली. तिथे वाचायच्या निबंधावर त्यांनी वहिनींचेही नाव मोठ्या मनाने घातले होते. वहिनींनी ते काढायला लावले, आणि त्याच महिन्यात राजीनामा दिला.

आमच्याकडे निरोपाला भिंतीवरचे घड्याळ देतात. वहिनी म्हणाल्या, घड्याळ नको, जुळ्यातला तो उरलेला आरसा द्या. कागदोपत्री पाहणी न झालेला म्हणून तो तसाही मोडीत निघणार होता. अध्यक्षांना आनंद झाला. एक घड्याळ वाचले. निरोपाच्या भाषणात ते म्हणाले, "मॅडम हुशार आहेत, फक्त उजळ बाजू बघायची सवय नाही." टाळ्या पडल्या. वहिनी आरसा घेऊन बाहेर पडल्या आणि फाटकापाशी मला म्हणाल्या, "येते, भाऊजी." कार्यालयातले ते आमचे शेवटचे बोलणे. घरी त्या माझ्याशी आजही बोलतात. पाणी आलं का, दिवा गेलाय, वगैरे. कामाचे काही सांगत नाहीत. दादा म्हणतो, मी गप्प बसून जी मदत केली तिची ही परतफेड आहे.

पुढे वहिनी दुसऱ्या एका छोट्या संस्थेत लागल्या. तिथे पाहणी समिती नेमण्याइतकी माणसेच नव्हती. दोन वर्षांनी त्यांच्या अग्निबाणातून तो मळकट आरसा वर गेला, आणि सूर्याचे चित्र आले. काळ्या कुट्ट पार्श्वभूमीवर तेजाच्या कमानी, एकीतून दुसरी निघालेली, कडेला धगीचे तुरे. असे चित्र मी आधी पाहिलेले नव्हते. वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आले.

आमच्या संस्थेची प्रतिक्रिया विचारली गेली. समितीची तातडीची बैठक झाली आणि निवेदन मीच लिहिले : 'आमच्या अहवालानंतर सूर्याच्या कामगिरीत लक्षणीय सुधारणा झाली आहे, याचे समाधान वाटते.' तेही पहिल्या पानावर आले. ज्यांनी सूर्य थंडावल्याचे वाचले होते त्यांनीच तो सुधारल्याचेही वाचले, आणि कोणाचाही चहा थांबला नाही.

या यशानिमित्त संस्थेने जनतेसाठी एक दालन उघडले आहे. तिथे वहिनींचे ते चित्र मोठे करून काचेखाली लावले आहे. दालनाची जबाबदारी माझ्याकडे असून माझे टेबल चित्राच्या शेजारीच आहे. वहिनी अजून आल्या नाहीत. दादा एकदा दुकान बंद करून आला होता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि चित्राच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू पाहत गेला.

"ही कमान आपल्या पृथ्वीच्या कितीतरी पट उंच आहे," तो म्हणाला. "तिनं समजावलं मला. तुला नाही समजावलं?"

"मी विचारलं नाही," मी म्हणालो.

दादासारखे प्रेक्षक क्वचितच. काळ्या चित्रावर काच लावली की तिच्यात माणसाचा चेहरा फार छान उमटतो, हे दालन उघडल्यावर आमच्या लक्षात आले. माझ्या निरीक्षणानुसार चित्रासमोर थांबणाऱ्यांपैकी नव्वद टक्के लोक केस सारखे करतात, सात टक्के दात पाहतात, आणि उरलेल्या तीन टक्क्यांना बाहेर जायचा रस्ता विचारायचा असतो.

गेल्या आठवड्यात तुम्हीही येऊन गेलात. तुमच्या लक्षात नसेल. मी टेबलापाशी होतो. तुम्ही बराच वेळ उभे राहिलात, मान जरा तिरकी केलीत, कपाळावरची बट मागे सारलीत, समोरून एकदा, डावीकडून एकदा. मग मला म्हणालात, "छान आहे." कशाबद्दल ते मी विचारले नाही.

बांधकामवाले साहेब निवृत्त झाल्यापासून समितीत एक जागा रिकामी आहे. मी तुमचे नाव सुचवले आहे.